मधल्या खोलीतला घाट

जगातली कुठलीही वस्तू दुकानातून विकत आणणं म्हणजे आपल्या दोन हातांचा अपमान करणं, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच आहे आणि मी गेली कित्येक वर्षं त्याच्याच घरात भाड्याने राहतो. गंमत अशी, की आमच्या घरमालकांचं स्वतःचं भांड्यांचं दुकान होतं. लोकांनी घरी पातेली ठोकत न बसता ह्यांच्याकडे येऊन ती विकत घ्यावीत, ह्यावरच त्यांचा सगळा संसार उभा राहिला. ही विसंगती मी एकदा भीतभीत त्यांच्या कानावर घातली, तर ते शांतपणे म्हणाले, "सर, गिऱ्हाइकाला येत न्हाई म्हणून ते घेतंय. मला येतंय, मी कावून घिऊ?" आता दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून ते मोकळे झाले आहेत आणि जे जे येतं ते दिवसभर करत असतात. जे येत नाही तेही करतात, आणि ते जास्त उत्साहाने करतात.

त्यांच्या हातच्या वस्तूंनी घर भरलेलं आहे. दारावरची घंटा बटणाशिवाय वाजते. दारासमोर कोणी उभं राहिलं की आपोआप. सकाळी गल्लीतली गाय पोळीसाठी येऊन उभी राहते आणि पोळी मिळेपर्यंत हलत नाही, त्यामुळे आमचा दिवस कसा सुरू होतो हे वेगळं सांगायला नको. न्हाणीतल्या त्यांच्या घरगुती बंबात तापलेल्या पाण्याला किंचित ग्रीसचा वास येतो, पण तो अंगाला चांगला असतो असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात जबरदस्त वस्तू म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. नळाला पाणी येतं त्या दिवशी टाकी भरली, की गच्चीवरून खुद्द घरमालकांचा आवाज येतो, "भरली, भरली, बंद करा." हा आवाज त्यांनी स्वतःच भरून ठेवलाय. ते परगावी गेलेले असले तरी टाकी त्यांच्याच आवाजात ओरडते आणि स्वयंपाकघरातून घरमालकीणबाई, म्हणजे काकू, सवयीने "आले, आले" म्हणत उठतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या सासूबाई हातातलं ताट ठेवून बाहेर गेल्या होत्या, गच्चीवरून कोणी पडलं की काय ते बघायला.

अशा माणसाला एकदा संभाजीनगरच्या लग्नात पुतण्याने मॉलमध्ये सिनेमाला नेलं. तिथे म्हणे खुर्च्या हलतात. पडद्यावर गाडी वळली की खुर्ची वळते, विमान कोसळलं की खुर्ची दणका देते. परत आल्यावर मी विचारलं, "कोणता पिक्चर होता?" तर ते त्यांना सांगता येईना. पूर्ण वेळ ते खुर्चीखाली वाकून आतलं यंत्र बघत होते. मधे बॅटरीवाला पोऱ्या येऊन काय हरवलंय म्हणून विचारून गेला, तर ह्यांनी 'चप्पल' असं सांगून त्यालाही शोधायला लावलं. "खाली काय न्हाई सर," ते मला सांगत होते, "दोन मोटरी आन् एक सांधा. आन् तिकीट असं, की ते ऐकूनच माणूस बिगर खुर्चीचं हालतंय. त्येच्यात आपल्याकडं चार खुर्च्या हुतील." मला तेव्हाच ओळखायला हवं होतं, की आता आमच्या डोक्यावरचं छत काही दिवस कंप पावणार आहे.

मोंढ्याच्या मागे रफिकभाई मिस्त्रींचं गॅरेज आहे. घरमालक आणि रफिकभाई यांची मैत्री फार जुनी. आणि ती भांडणावरच टिकून आहे. एसटीची दोन माणसांची एक जुनी सीट रफिकभाईंच्या भंगारात पडून होती. ती घरमालकांनी उचलली. खाली मधोमध गाडीचा जुना सांधा बसवला, म्हणजे सीट चारी बाजूंना कलू शकेल. आणि ती कलवायला ट्रकच्या वायपरच्या मोटरी. रफिकभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "मालक, ही मोटर काच पुसाया असती. माणूस झुलवाया न्हाई." घरमालक म्हणाले, "काचेवर पाऊस असतोय, वारं असतंय, तरी फिरतीच ना? माणूस काय लई जड असतंय?" रफिकभाईंनी त्यांच्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि मुकाट्याने दोनाच्या चार मोटरी केल्या. मोटरींना हुकूम देणारी एक लहानशी इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी मात्र घरी बनण्यातली नव्हती. ती कुरियरने मागवावी लागली. त्या गोष्टीची घरमालकांना इतकी लाज वाटली, की पार्सल त्यांनी माझ्या नावावर मागवलं.

सीट मधल्या खोलीत टीव्हीसमोर बसवली. ती आवाजावर चालायची; टीव्हीचा आवाज वाढला की मोटरी फिरणार, असा साधा हिशेब होता. उद्घाटनाला लढाईचा पिक्चर लावून आम्ही दोघं बसलो. लढाईत बरं चाललं होतं. पण मधे जाहिराती लागल्या, आणि जाहिरातींचा आवाज तोफांपेक्षा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. साबणाच्या जाहिरातीत मी जवळजवळ सीटवरून खाली आलो. मालिकांचं तर बोलायलाच नको. सासू ओरडली की आम्ही मागे, सून हंबरडा फोडू लागली की पुढे. एका प्रवचनकारांनी शेवटी टिपेला जाऊन नामघोष केला, तेव्हा घरमालक दोन्ही हातांनी दांडा धरून डोळे मिटून बसले होते आणि तो भक्तिभाव होता की भीती, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. स्टिअरिंग घरीच केलेलं, पितळी परातीचं. ह्या खेळात पडद्यावरच्या गाडीचं वळण थेट सीटला कळायचं आणि खरं सांगायचं तर ते यंत्र झकास जमलं होतं. फक्त चालवणारा माणूस शर्यतीचा नव्हता. घरमालक वळणावर हळू व्हायचे, मागच्याला हात दाखवून पुढे जाऊ द्यायचे, समोरून गाडी येताना दिसली की कडेला थांबायचे. दर वेळी शेवटचा नंबर. मी म्हटलं, "काका, शर्यत आहे ही." तर म्हणाले, "असू द्या की. त्येला घाई असंल." गल्लीतल्या निम्म्या लोकांनी येऊन शर्यत खेळून घेतली, कोणी पहिला आला, कोणी भिंतीवर आपटला, पण इतक्या निवांतपणे शेवटचा येण्याचा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

ह्या सगळ्या काळात काकू मधल्या खोलीत पाऊल टाकत नसत. चहा उंबऱ्यावरून द्यायच्या, तोही तोंड भिंतीकडे करून. कारण काकूंना गाडी लागते. लागते म्हणजे तुम्हाआम्हाला लागते तशी नाही. काकूंना झोपाळा लागतो. काकूंना दुसऱ्याचा झोपाळा लागतो. त्यांचं माहेर युसूफ वडगाव, म्हणजे बीडहून काही फार लांब नाही. पण वाटेत मांजरसुंब्याचा घाट आहे, आणि तो ओलांडताना त्यांनी ज्या यातना सोसल्या, त्या ऐकून आमच्या हिने एकदा लोणच्यातलं लिंबू अर्धं परत ठेवलं होतं. लिंबू, आवळासुपारी, पोटाला वर्तमानपत्र, आदल्या रात्रीपासून उपास, ड्रायव्हरच्या पाठची खिडकी, सगळं करून झालेलं. नेकनूर येईपर्यंत त्या पांढऱ्याफटक पडायच्या. माहेरच्या भावा-भाच्यांची सगळी लग्नं त्यांनी कुठल्या तरी आतल्या खोलीत आडव्या पडून ऐकली, पाहिली एकही नाही. एकदा तर केजला गाडीतून उतरवून सलाईन लावावं लागलं, आणि तेव्हापासून त्यांनी प्रवासाचं नावच टाकलं. त्यांची मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेली. पाठवणीच्या वेळी सगळ्या आया रडतात, पण काकू जास्त रडल्या, कारण मुलीचं घर आपल्याला कधी दिसणार नाही हे त्यांना तिथेच कळलं होतं.

आणि एक दिवस चिपळूणहून फोन आला. मुलीला दिवस गेलेले होतेच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ती सातव्यात बीडला येणार, असं सगळं ठरलेलं होतं. आता डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायची बंदी केली होती. प्रवास तर सोडाच. तिला सासू नाही, नवऱ्याची नोकरी पाळीची. मुलगी म्हणाली, "आई, तू नको येऊस, मी बघते काहीतरी. बाई लावते एखादी." हे वाक्य काकूंच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमच्या हिला सांगितलं, "बाईच्या हाताखाली माजी लेक बाळंत हुणार, आन् मी हितं गाडी लागती म्हणून बसू?" चिपळूणला जायचं म्हणजे दिवसभराचा रस्ता, आणि शेवटी कुंभार्लीचा घाट. मांजरसुंब्याचा घाट त्याच्यापुढे अंगणातली पायरी. घरमालक ओट्यावर बसून होते. हातात पक्कड नाही, स्क्रू नाही, काही नाही. त्यांना नुसतं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र ते दार वाजवायलाही थांबले नाहीत. घंटा वाजेपर्यंत आत. "सर, तिखटाची सवय हुती का न्हाई माणसाला? तशी घाटाचीबी हुईल. थोडा थोडा दिला पायजे. लागला की बंद करायचा. गाडीत कुठं बंद करता येतंय? घरी येतंय." घाट घरी आणायचा, हा त्यांचा बेत होता. सिनेमा-बिनेमा, शर्यती-बिर्यती सगळं बाजूला ठेवून ती सीट आता एसटी होणार होती. मोबाइल किती कलला, कुठल्या बाजूला कलला, किती हिसका बसला, हे सगळं टिपून ठेवणारं एक फुकटचं अॅप त्यांनी शोधून काढलं. बसमधून घाट चढायचा-उतरायचा, मोबाइलने तो टिपून घ्यायचा आणि घरी येऊन सीटला शिकवायचा. मला ही कल्पना फारच हुशारीची वाटली. रफिकभाईंनाही वाटली, पण ते तसं बोलले नाहीत. "मोटर जळाली तर माझ्याकडं येऊ नका," एवढंच म्हणाले.

घरमालक सकाळच्या गाडीने नेकनूरला जाऊन दुपारी परत आले. सीटला घाट शिकवण्यात उरलेला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही सगळे मधल्या खोलीत जमलो. मी, आमची ही, रफिकभाई, आणि उंबऱ्याच्या पलीकडे, पदर नाकाला लावलेल्या काकू. आधी मी बसलो. बटण दाबलं. सीट थोडी थरथरली, हळूहळू पुढे झुकायला लागली, झुकत झुकत गेली आणि एकदम हिसका देऊन ताठ झाली. मग पुन्हा तेच. "काय घाट आहे हा?" मी म्हणालो. मग ती एकाएकी डावीकडे इतकी वाकली की मी दांडा धरला, तिथे राहून जोरजोरात हलली आणि परत सरळ. रफिकभाई म्हणाले, "आयला, अशी तर बैलगाडीबी न्हाई चालत." घरमालक घाम पुसत होते. इतक्या वर्षांत मी मांजरसुंब्याचा घाट पन्नासदा तरी पाहिला असेन, पण त्यात असं एकही वळण नाही.

"सरका बरं," काकू म्हणाल्या. आम्ही सगळे चकित झालो. त्या आत आल्या, सीटवर बसल्या आणि बटण दाबायला सांगितलं. आमच्या हिने बादली पुढे सरकवली. सीट पुन्हा हळूहळू पुढे झुकली, हिसका देऊन ताठ झाली. काकूंनी नाकाचा पदर काढला. "डुलकी घेतलेली हाय ही," त्या म्हणाल्या. सीट डावीकडे वाकली, जोरात हलली. "खिडकीतून कुणाला तरी हात केला. मोठ्यानं हाक मारलेली असंल." मग सीट जागच्या जागी बारीक बारीक गदगदायला लागली. "हे स्वतःच बोलून स्वतःच हासायलेत." आता कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मोबाइल घरमालकांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. बस कशी हलते ते त्याने काही टिपलंच नव्हतं. बसमध्ये घरमालक कसे हलतात, तेवढंच टिपलं होतं. सबंध नेकनूरचा रस्ता, डुलक्या, हाका, हसणं, शेजारच्याच्या मांडीवर टाळी देणं, सगळं आमच्यासमोर एसटीच्या सीटवर साक्षात चाललं होतं आणि काकू ते कोणी मोठ्याने वाचून दाखवावं तसं सांगत होत्या. रफिकभाई हसून हसून भिंतीला टेकले. आमच्या हिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि काकूंना उलटी सोडा, साधी मळमळही होत नव्हती.

एकच गोष्ट मात्र त्यांना ओळखता येईना. थोड्या थोड्या वेळाने सीट पुढे कलायची, किंचित उजवीकडे वळायची, आणि तशीच थांबायची. मग धप्पकन मागे. पुन्हा काही वेळाने तेच. घाटात तर फारच वरचेवर. "हे काय हाय?" काकूंनी विचारलं. घरमालक म्हणाले, "खड्डा असंल." रफिकभाई म्हणाले, "खड्ड्यानं माणूस उठून थांबत न्हाई मालक. हे अर्धं उठून काहीतरी बघायचं काम हाय." घरमालक मोटरीची तार तपासायला लागले. तार चांगली होती. शेवटी त्यांनी तार सोडली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "सवय हाय. तू पुढं बसल्याली असतीस. तुला उलटी व्हायली का, बगावं लागतंय."

"मी तर घरी हुते त्या दिवशी," काकू म्हणाल्या.

"सवयीला कुठं कळतंय ते."

इथे न माहीत असणाऱ्यांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे त्या पिढीतली नवरा-बायको एसटीत शेजारी बसत नाहीत. बाईमाणूस पुढे, बायकांच्या सीटवर. पुरुष मागे, पुरुषांत. तिकीट मागून निघतं, डबा मागून पुढे पाठवला जातो. चारचौघांत लगटून बसणं बरं दिसत नाही. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही आपला नवरा गाडीत मागे बसून काय करतो, हे काकूंना ठाऊकच नव्हतं. उलटी झाली की शेजारची कोणीतरी अनोळखी बाई त्यांची पाठ चोळायची, आणि उतरल्यावर घरमालक पिशव्या उचलत "चला" एवढंच म्हणायचे. काकू सीटवरून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना साय घातलेला चहा मिळाला. घरमालकांना बशीभर जास्त.

पुढच्या खेपेला मोबाइल बसच्या दांड्याला रुमालाने बांधून नेला आणि मग खरा घाट घरी आला. खऱ्या घाटाने काकूंना पहिल्या वळणालाच आडवं केलं. पण आता त्या मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. रोज सकाळी देवपूजा झाली, महादेवाला बेल वाहिला, की त्या पदर खोचून सीटवर बसायच्या आणि घरमालक बटणाशी. आज नुसता पायथा, उद्या एक वळण, परवा दोन. आमच्या खोलीत भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "लागलं का? बंद करू?" आणि काकूंचा दबलेला आवाज, "न्हाई. असू द्या. अजून थोडं." काही दिवस वाईट गेले. एकदा एक मोटर जळली आणि काकू दिवसभर निजून होत्या. मला वाटलं, संपलं सगळं. रफिकभाई कोणी न बोलावता नवी मोटर घेऊन आले आणि काकूंना म्हणाले, "भाभी, मोटरीलाबी घाट लागला बगा. तुमच्यापेक्षा ती कच्ची." काकू हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या. महिन्याभरात त्या मांजरसुंबा सबंध चढून उतरायला लागल्या, अगदी डोळे उघडे ठेवून. मग घरमालकांनी मोटरींचा वेग वाढवून त्याचा कुंभार्ली केला. तो मात्र निम्माच जमला, आणि मुलीचे दिवस तर भरत आले होते.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं स्टँडवर गेलो. काकू सवयीने पुढच्या दारातून चढल्या आणि ड्रायव्हरच्या पाठची खिडकी धरून बसल्या. शेजारची जागा मोकळी होती. घरमालक पिशव्या वर टाकून, सवयीनेच, मागे निघाले. ते बसच्या मध्यापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात पुढून काकूंची हाक आली, "अवो, हिकडं या." सबंध गाडीने ऐकली. आम्ही त्या घरात राहायला आल्यापासून काकूंनी नवऱ्याला बाहेर कुठे हाक मारलेली मी ऐकली नव्हती. घरमालक जागच्या जागी थांबले, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि सीटचे दांडे धरत धरत पुढे आले. काकूंनी पिशवी मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली. गाडी सुटली. आमची ही पदराने डोळे पुसत होती आणि मी उगाच फलाटावरची पाटी वाचत होतो.

तो दिवस आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. शाळेत माझं लक्ष नव्हतं. फळ्यावर बेरीज मांडून मी तशीच सोडून दिली. केजच्या त्या सलाईनची आठवण सारखी यायची. रफिकभाई दोनदा येऊन गेले, नुसते दारात उभे राहिले आणि घंटा वाजत राहिली. दिवे लागायच्या सुमाराला आमच्या हिचा फोन वाजला आणि पलीकडून काकूंचा आवाज आला, थकलेला, पण खणखणीत. "पोचले गं. लेकीच्या घरी बसलीया. भिंती निळ्या हायत्या तिच्या." आमचा जीव भांड्यात पडला. हिने भुईवरच बसकण मारली. रफिकभाईंना कळवलं तर ते फोनवर "अल्ला का शुकर" म्हणाले आणि मग नेहमीच्या आवाजात, "मोटर चांगली हुती म्हणून," असं जोडून दिलं.

घरमालक तिकडेच राहिले. बाळंतपण झालं, नीट झालं, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. काकूंनी लेकीचं सगळं आपल्या हाताने केलं. मग एका दुपारी घरमालक एकटेच परत आले. मी घाईने विचारलं, "काय काका, यंत्राने काम केलं म्हणायचं?"

"न्हाई सर," ते म्हणाले, "फेल गेलं. कुंभार्लीत उलटी झालीच तिला. एकदा."

"एकदाच?"

"एकदाच. पर झाली. पाठ चोळली, चूळ भरायला पाणी दिलं. आतापत्तूर दुसऱ्या बायका करायच्या ते. मला वाटायचं, झाली की मोकळं वाटत असंल. तसं न्हाई हो. लई घाबरती ती. हात असा गच्च धरून बसली चिपळूणपत्तूर, सोडलाच न्हाई."

ते आत गेले आणि चहा ठेवायला लागले. साखरेचा डबा सापडेना. फोन लावून त्यांनी काकूंना विचारलं, डबा सापडला, पलीकडून आणखी काहीतरी विचारलं असावं, कारण ते "हां, जेवलो की" म्हणाले. ते जेवलेले नव्हते, हे मला माहीत होतं. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "सर, बाळंतिणीला किती दिस लागत्यात उठायला?" मी म्हणालो, "सव्वा महिना तरी धरावाच लागेल. मग काकू येतील की, आता त्यांना जमतंय."

"आणायला मी जाणार," ते म्हणाले. "एकटी कशी यील ती?" आणि उतू चाललेल्या चहाखालचा गॅस त्यांनी बारीक केला.